बंद करण्याआधी एकदा हात

नाना, काल पांझरेच्या काठी तुमचा दहावा झाला आणि कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागे सरकले न सरकले तोच आला, घास उचलून गेला. जमलेल्या माणसांना सुटल्यासारखं झालं. कोणीतरी म्हणालं, नानांचं काही मागे राहिलं नव्हतं, तृप्त गेले. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. पण मला ते काही पटलं नाही, कारण तुमचं एक राहिलं होतं आणि ते माझ्याकडे राहिलं होतं.

तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. तुमच्या फुफ्फुसाचं ऑपरेशन मीच केलं, रोबोटने. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विचारलंत, बंद करण्याआधी हात फिरवलास ना? मी म्हणालो, हो नाना. फिरवला नव्हता. दीड वर्ष झालं त्याला. तुम्हाला ते खोटं कळलं होतं की नाही, एवढंच मला कालपर्यंत माहीत नव्हतं. काल ते कळलं, आणि कळल्यापासून मला काहीच कळेनासं झालं आहे.

म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगेन, ऐकून घ्या. एरवी तुम्ही "मुद्द्यावर ये" म्हणाला असतात. आज मुद्दाच सापडत नाही, तर त्याच्यावर येऊ कसा?

मी धुळ्याला तुमच्या हाताखाली आलो तेव्हा सर्जन झालो होतो, पण कागदावर. एरंडोलचा पोरगा, गावात हुशार म्हणून मिरवलेला, पाय जमिनीवर नसलेला. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला ऑपरेशन थिएटरात नेलंच नाही, घरी स्वयंपाकघरात नेलंत. अक्कांनी भरतासाठी वांगी भाजून ठेवली होती. तुम्ही त्यातलं एक उचललंत, माझ्याकडे पाठ करून त्यात काहीतरी खुपसलंत आणि ताटलीत ठेवून पुढे केलंत. आत तुरीचे दाणे आहेत म्हणालात, फोडायचं नाही, डोळे मिटून बोटांनी सांग किती. मी बराच वेळ चाचपलं आणि चार म्हणालो. पाच निघाले. पुढच्या आठवड्यात सात म्हणालो तर आठ. मी नेहमी एक कमी सांगायचो. तुम्ही रागावत नव्हता, फक्त राहिलेला दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवायचात. अक्का मात्र रागवायच्या, कारण त्या दिवशीच्या भरतात कच्ची तूर दाताखाली यायची आणि पाहुणे त्यांच्या स्वयंपाकाला नाक मुरडायचे.

हवा काढून घेतलेलं फुफ्फुस आणि भाजलेलं वांगं हाताला सारखंच लागतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या थिएटरातला नेम ठरलेला होता. छाती उघडायची, गाठ काढायची, आणि बंद करण्याआधी तुमचा उजवा हात आत जायचा. डोळे मिटून तुम्ही उरलेलं सगळं फुफ्फुस तळव्यात घेऊन फिरवायचात, आणि मोठ्याने बोलायचात. वरचा कप्पा मोकळा. मधला मोकळा. खालचा मोकळा. सिस्टर ते वहीत लिहायची. तुमच्या लग्नानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ती सिस्टर म्हणजे अक्काच. जुन्या वह्यांतलं गोल अक्षर त्यांचं आहे. मग छातीत कोमट पाणी ओतायचं, भूल देणाऱ्यांना फुफ्फुस फुगवायला सांगायचं आणि शिवलेल्या जागेतून बुडबुडे येतात का ते बघायचं. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवतात तसं. त्याला तुम्ही "पंक्चर बघणं" म्हणायचात आणि त्यावर आम्ही दरवेळी हसायचो.

एवढ्या मोठ्याने का बोलता, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मनातल्या मनात "मोकळं" कोणालाही म्हणता येतं. मला वाटलं, सिस्टरला नीट ऐकू यावं म्हणून असेल. तेवढ्यावरच मी समाधान मानलं.

पुढे मी जळगावला गेलो आणि आपलं भांडण सुरू झालं. दुर्बिणीने छातीची ऑपरेशनं करायला लागलो तेव्हा तुम्ही गप्प बसलात. रोबोट आला तेव्हा मात्र बसला नाहीत. यंत्र बघायला म्हणून तुम्ही धुळ्याहून आलात, चपला काढून कन्सोलच्या, म्हणजे जिथून यंत्र चालवतात त्या खुर्चीत बसलात आणि आत डोळे घातलेत. सरावासाठी मी एक नकली फुफ्फुस ठेवलं होतं. तुम्ही हळूहळू चिमटे हलवलेत, दोरा धरलात, गाठ मारायला ओढलात आणि दोरा तुटला. दुसरा ओढलात, तोही तुटला. तुमच्या हातून दोरा तुटताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंद झाला. या यंत्रात हाताला ताण कळत नाही, दोरा किती ओढला गेला ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. माझेही सुरुवातीला कितीतरी तुटले होते, ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुम्ही मान बाहेर काढलीत आणि म्हणालात, "दखास ते बेस, पन लागत काहीच नही."

दिसतं छान, पण हाताला काही लागत नाही, असं तुम्ही म्हटल्यावर मी माझी फैर झाडली. दहापट मोठं दिसतं, खोली कळते, यंत्राचं मनगट आपल्या मनगटापेक्षा जास्त वळतं. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. तुमचे पेशंट महिना-महिना कुशीवर वळायला रडायचे, माझे चौथ्या दिवशी घरी जातात. हे मी जरा जास्तच झणझणीत बोललो. वैशाली समोर होती. तिने नंतर मला तोंडावर सांगितलं की सर, ते रडण्याचं बोलायला नको होतं.

वैशाली कोण हे तुम्हाला सांगायला नको, पण हे दुसरं कोणी वाचेल म्हणून सांगतो. जामनेरची. तुमची शेवटची विद्यार्थिनी, माझी पहिली सहकारी. रोबोटच्या ऑपरेशनात सर्जन पेशंटपासून लांब खुर्चीत बसलेला असतो. हात धुऊन, गाऊन घालून प्रत्यक्ष पेशंटपाशी उभी असते ती वैशाली. यंत्राच्या हातात अवजारं बदलून देते, फुफ्फुस बाजूला धरते, वेळ आली तर रक्त थांबवते. माझं नाव होतं, काम निम्मं तिचं असतं.

त्या दिवशी तुम्ही तिच्या बोलण्याआधीच म्हणाला होतात की दिनेश खरं बोलतोय, मी माणसांना फार रडवलं. आणि लगेच, हार मानली असं मला वाटू नये म्हणून, ते तुमचं नेहमीचं: "डोयाले दिसस ते अर्धं, हातले लागस ते पुरं." मी म्हणालो, नाना, आता स्कॅनमध्ये तुरीच्या दाण्याहून बारीक दिसतं. तुम्ही म्हणालात, दिसणारं दिसतं रे. हे भांडण आपण फोनवर, जेवताना, लोकांच्या लग्नात, सगळीकडे पुढे चालू ठेवलं. मला ते संपवायचं नव्हतं. तुमच्याशी बोलायला ते एक निमित्त होतं.

मग तुमचा खोकला. तुम्ही कधी बिडीला हात लावला नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, सर्वांत कमी तुम्ही. स्कॅन काढला तर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या कप्प्यात गाठ. तपासणीत कॅन्सर निघाला. अजून पसरलेला नव्हता, काढता येण्याजोगा होता. मुंबईला माझे ओळखीचे सर्जन होते, मी सगळी व्यवस्था करायला निघालो. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत की तुझं यंत्र चालू आहे ना?

का, नाना? इतकी वर्षं ज्याला नावं ठेवलीत त्याच्याखाली स्वतः जाऊन का झोपलात? माझ्यावर विश्वास होता म्हणून? की मला जिंकू द्यायचं होतं? की बरगड्या फाकवून घ्यायची तुमची तुम्हालाच भीती वाटली, इतक्या जणांच्या फाकवून झाल्यावर? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, जळगाव जवळ पडतं.

भरती झालात त्या दिवशी तुम्ही एकच अट घातलीत. अक्का पलंगाशी होत्या, वैशाली होती. तुम्ही म्हणालात, "बठ्ठं यंत्रले करू दे. पन बंद कराना पहिले एकदाव तुन्हा हात फिराव." मी म्हणालो, फिरवतो. त्या क्षणी मला खरंच फिरवायचा होता.

ऑपरेशन छान झालं. हे मी फुशारकीने सांगत नाही, किंवा थोडं सांगतोही. तुम्ही बघू शकला नाहीत म्हणून सांगतो. बरगड्यांच्या मधून बोटाहून बारीक चार छिद्रं, त्यांतून यंत्राचे चार हात. त्यातला एक कॅमेरा. भूल देणाऱ्यांनी उजवं फुफ्फुस हवा काढून निजवलं. मी आधी वरच्या कप्प्याची शीर मोकळी केली, मग धमनीच्या फांद्या एकेक करून, मग श्वासनळीची फांदी. प्रत्येकीला स्टेपलर लावायचा, तो एकाच वेळी शिवतो आणि मधोमध कापतो. तो वैशालीच्या हातात. धमनीची एक फांदी तुमची आडवी गेलेली होती, पुस्तकात नसते तशी. तिच्या मागून चिमटा फिरवताना मी श्वास धरून होतो. फिरला. श्वासनळीजवळच्या लसिकाग्रंथी वेचून तपासणीला पाठवल्या. रक्त म्हणाल तर चहाच्या कपात मावलं असतं.

शेजारच्या खोलीत मोठ्या पडद्यावर लोक बघत होते. जळगावचे, धुळ्याचे, तुमच्या वेळचे दोघे-तिघे. तुमचं ऑपरेशन म्हणून आलेले. वरचा कप्पा सुटला तेव्हा तिकडून टाळ्यांचा आवाज आला.

कापलेला कप्पा पिशवीत घालून बाहेर काढायला एक छिद्र दोन-तीन बोटं रुंद करतात. पिशवी निघाली की त्याच वाटेने बोटं आत घालता येतात, आणि उरलेलं फुफ्फुस चिमट्याने बोटांपाशी आणून देता येतं. तुमची अट पुरी करायला एवढंच लागत होतं. पण मी खुर्चीत होतो, अनवाणी, हात न धुतलेला. उठायचं, चपला घालायच्या, हात धुवायचे, गाऊन, हातमोजे. दहा मिनिटांचं काम.

वैशालीने माइकवर विचारलं, "सर, हात?"

ते सगळ्यांनी ऐकलं. आणि नाना, माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. आता उठून हात घातला तर ते जुने लोक म्हणतील, बघा, एवढं यंत्र आणलं आणि शेवटी नानांचा हातच लागला. बस, एवढंच आलं. पेशंटचा विचार नव्हता, वेळेचा नव्हता. मी म्हणालो, स्कॅन स्वच्छ आहे, पंक्चर बघू आणि बंद करू. "पंक्चर" ऐकून तिकडची मंडळी हसली. पाणी ओतलं, फुफ्फुस फुगवलं. एक बुडबुडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात, चहा मागत होतात. मला बघून हात पुढे केलात. मग विचारलंत, "हात लाईसन दखं ना?"

"हो नाना."

"काय लागनं?"

इथे तरी थांबता आलं असतं. मी म्हणालो, मधला मोकळा, खालचा मोकळा. तुमचेच शब्द, तुमच्याच चालीत. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "मंग ठीक शे." मग तुम्ही चहा प्यायलात आणि मी पुढच्या पेशंटकडे गेलो.

चौथ्या दिवशी तुम्ही धुळ्याला घरी गेलात. महिन्याभरात सकाळचं फिरणं सुरू झालं. तुम्ही मला फोन करून सांगितलंत की कुशीवर वळताना काही होत नाही रे, आणि मग बराच वेळ काही बोलला नाहीत. मला कळलं की तुम्ही तुमच्या जुन्या पेशंटांचा विचार करताय. त्या फोनसाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. भांडणातला माझा अर्धा भाग तुम्ही न मागता मला दिलात.

पण मग धुळ्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत तुम्ही सदरा वर करून ती चार छिद्रं सगळ्यांना दाखवलीत आणि म्हणालात, यंत्राने केलं, पण पोराने बंद करण्याआधी हात फिरवला, माझी रीत सोडली नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. लोक वळून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी कसनुसा हसलो. वाटलं, आत्ता उठून सांगावं. उठलो नाही. म्हाताऱ्याचं समाधान कशाला मोडा, अशी सबब मनाला दिली. सबबींना कधी तोटा नसतो.

सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये खालच्या कप्प्यात एक डाग दिसला. ऑपरेशननंतरचा व्रण असेल, बघत राहू, असं ठरलं. पुढच्या स्कॅनमध्ये तो डाग वाढला होता आणि छातीत पाणी होतं. त्या पाण्यातही कॅन्सर निघाला. आता ऑपरेशनाचं काम नव्हतं. औषधं सुरू झाली, त्यांनी काही महिने दिले.

मी तुमचा पहिला स्कॅन काढून किती वेळा बघितला ते सांगत नाही. खालच्या कप्प्यात त्या जागी एक धूसर ठिपका आहे. कधी वाटतं, ही तर आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी. कधी वाटतं, हाच तो दाणा. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, काही नाही, तू उगाच शोधतोयस. दुसऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, आता माहीत आहे म्हणून दिसतंय. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, तेव्हाचा असेल, नंतरचा असेल, कोण सांगणार? बोटांना लागला असता का? कदाचित. लागला असता तर काढता आला असता का? कदाचित. काढून काही फरक पडला असता का? इथे कदाचित म्हणायलाही जीभ वळत नाही.

त्यानंतर मी प्रत्येक ऑपरेशनात खुर्चीतून उठतो, हात धुतो आणि बंद करण्याआधी बोटं फिरवतो. पण मुकाट्याने. मोठ्याने बोलायला तोंड उघडत नाही.

काल दहाव्यानंतर मी आणि वैशाली गाडीने जळगावला परत निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो. तिने चहा घेतला नाही. म्हणाली, सर, एक सांगायचं राहिलंय. नाना, ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा ती तुमच्यापाशी होती. तोंड कोरडं होतं, आवाज नीट फुटत नव्हता, तरी तुम्ही तिला विचारलंत, त्याने हात फिरवला का. तिने सांगितलं, नाही. आणि तिने हेही सांगितलं की माझे हात धुतलेलेच होते, मी घालू शकले असते, सरांनी नको म्हटल्यावर मी घातला नाही, माझंही चुकलं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, त्याला मी विचारतो, तू मध्ये पडू नकोस.

म्हणजे सकाळी तुम्ही मला विचारलंत तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक होतं.

मग विचारलंत कशाला, नाना? मला खरं बोलायची संधी दिलीत? की वांगं पुढे ठेवलंत, आत किती दाणे आहेत ते तुम्हाला माहीतच होतं, आणि मी पुन्हा एक कमी सांगितला? पण दाणा काढून तळहातावर का ठेवला नाहीत? तुम्ही कधीच राहिलेला दाणा माझ्यापासून लपवला नव्हता. आणि बैठकीत सदरा वर करून ते का बोललात? मला झाकत होतात की भाजत होतात? एकदा वाटतं, तुम्ही मला माफ केलंत. मग वाटतं, माफ करणारा माणूस चारचौघांत अशी सुई टोचत नाही. मग वाटतं, टोचलीच नव्हती, मलाच बोचली. आणि तुम्हाला ठाऊक होतं तर सहा महिन्यांच्या आत स्कॅन लवकर काढ असं तुम्ही का नाही म्हणालात? स्वतःच्या जिवाची गोष्ट होती ना ती? एका खोट्याची लाज राखायला माणूस एवढं करतो का? मला राग आला, नाना. दहाव्याच्या दिवशी तुमचा राग आला.

मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.

अक्का मागच्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. घरात पाहुणे पांगले होते, काही आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. हात फिरवला नाही, तुमच्याशी खोटं बोललो, तुम्हाला ते माहीत होतं. मी थांबल्यावर म्हणाल्या, "तू हात लावता तं त्यास्ना जीव वाचता का?"

मी म्हणालो, माहीत नाही अक्का. खरंच माहीत नाही.

त्या म्हणाल्या, त्यांनाही माहीत नव्हतं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही मला एवढ्या वर्षांत सांगितलं नव्हतंत. शिंदखेड्याकडचे एक शिक्षक होते, मी तुमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी. छातीतली गाठ काढून झाली होती आणि बाहेर अपघाताचा पेशंट येऊन पडला होता. तुम्ही घाईत होतात. अक्का वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, मोकळं लिहू का? तुम्ही हात न घालताच म्हणालात, लिही. त्यांनी लिहिलं. वर्षाच्या आत ते शिक्षक परत आले, दुसरी गाठ घेऊन. त्यांच्या मुलाने विचारलं, डॉक्टर, तुम्ही हात फिरवून बघता ना नेहमी, तेव्हाही बघितलं होतं ना? तुम्ही म्हणालात, हो. ती दुसरी गाठ तेव्हाचीच होती की नंतरची, ते तुम्हालाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर तुम्ही मोठ्याने बोलायला लागलात. आणि अक्कांनी तुम्हाला बजावलं की यापुढे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही.

मी विचारलं, मग त्यांनी मला का नाही सांगितलं? निदान त्या सकाळी तरी? अक्का म्हणाल्या, सांगणार होते. रोज म्हणायचे, पुढच्या वेळी आला की सांगतो. त्या मुलाला जे सांगायचं राहिलं तेही असंच राहिलं. त्यांना जमलं नाही, दिनेश.

मी काय समजू, नाना? तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात, तुम्ही स्वतःला ओळखलं होतंत, असं समजू? हे समजलं तर मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही.

मी अक्कांना म्हणालो, मला माफ करा. त्यांनी हात झटकला. "माले नको सांगू. त्यास्ले सांग. मोठ्यानी."

पुढच्या खोलीत खुर्चीवर तुमचा फोटो होता, हार घातलेला. सतरंजीवर तुमच्या गावाकडचे दोघे-चौघे बसले होते. मी फोटोसमोर उभा राहिलो आणि बोललो. मागून अक्का म्हणाल्या, "ऐकाले नही उनं."

मग मी मोठ्याने बोललो. "नाना, मी हात फिरवला नव्हता. वरचा कप्पा काढला. मधला बघितला नाही. खालचा बघितला नाही."

सतरंजीवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना काय कळलं असेल, कोण जाणे. दारात वैशाली उभी होती, ती रडत होती. अक्का रडत नव्हत्या. त्यांनी मान हलवली, पूर्वी थिएटरात वही हातात घेऊन हलवत असतील तशी.

"आते लिखी ले," म्हणाल्या.

लिहिलं, नाना.